जंतांचे औषध आधी नको : पिंजऱ्यातल्या वन्यप्राण्यांची परजीवी-तपासणी कोणत्या क्रमाने करावी

वायरीचा शॉक लागून आई गेलेली, म्हणून वानराचे पिल्लू रेस्क्यू होऊन आले. पहिल्या संध्याकाळी त्याची जखम धुतली, दूध पाजले आणि ‘जंत असतीलच’ म्हणून जंतांचे औषधही पाजले. बाराव्या दिवशी पिल्लू गेले. रजिस्टरमध्ये शेरा पडला : ‘जंतांचे औषध दिले होते, तरी मृत्यू.’

बडोद्यात प्राण्यांच्या विष्ठेच्या आणि रक्ताच्या स्लाइडी वाचताना असा शेरा मी अनेकदा पाहिला आहे. सगळी चूक त्या ‘तरी’मध्ये आहे. वन्यप्राण्याला मारणारे परजीवी एका जातीचे नसतात. कुणी गोलकृमी, कुणी अमीबा, कुणी रक्तात पोहणारा, तर कुणी मेंदूत जाऊन बसणारा. जे औषध एकाला मारते, त्याचा दुसऱ्यावर काही परिणाम होत नाही. आधी नमुना, मग ओळख, मग वजन, त्यानंतर औषध, सोबत जमिनीची सफाई आणि शेवटी पुन्हा नमुना, असा क्रम आहे. बहुतेक ठिकाणी सुरुवात औषधाने होते आणि शेवटही तिथेच.

रेस्क्यू संस्थांचे स्वयंसेवक, पिंजऱ्यावर काम करणारे कीपर आणि या कामात नवे आलेले पशुवैद्य डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. डोस पशुवैद्यानेच ठरवायचा. आणि वानर, कासव, घार यांना घरी ठेवून उपचार करणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. प्राणी हाती आला की पहिला फोन वनखात्याला.

सुरुवातीलाच एक शब्द नीट लावून घेऊ. आपल्याकडे गुजरातीच्या सवयीने सरसकट ‘वांदरा’ म्हणतात. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, झाडपाला खाणारे ते वानर. लालसर तोंडाचे, गालात खाऊ साठवणारे ते माकड. या दोघांचे पोट वेगळे, धोके वेगळे, म्हणून कागदावर नेमका शब्द लिहा.

## टप्पा १ : आल्या दिवसापासून वेगळे ठेवणे

नवा प्राणी किमान ३० दिवस जुन्यांपासून लांब ठेवायचा. लांब म्हणजे शेजारचा पिंजरा नव्हे. पाणी एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात वाहत जाणार नाही अशी जागा, आणि तिथला झाडू, बादली, चिमटा, भांडी, गमबूट सगळे स्वतंत्र. रंग ठरवून टाका. क्वारंटाइनचे सामान लाल रंगाचे असेल, तर लाल झाडू दुसऱ्या वाड्यात दिसताच कुणालाही चूक कळेल.

कामाचा क्रमही ठरलेला हवा. आधी निरोगी पिल्ले, मग निरोगी मोठे, मग आजारी आणि सर्वांत शेवटी क्वारंटाइन. सकाळी नव्या प्राण्याची काळजी वाटते म्हणून कीपर आधी तिकडे धावतो आणि तेच बूट घालून जुन्या कळपात येतो. काळजीपोटी होणारी ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती करणारा माणूस मनापासून काम करणारा असतो.

पिंजऱ्याबाहेर एक फळा लावा. त्यावर आल्याची तारीख, वजन, नमुना कधी घेतला, पुढचा नमुना कधी.

थांबा : माकड हाताळताना हातमोजे, मास्क आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. माकडांत हर्पीस बी नावाचा विषाणू असू शकतो. तो त्यांना फारसा त्रास देत नाही, पण माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. चावले, ओरबाडले किंवा डोळ्यांत उडाले, तर जागा लगेच १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. जखम साबणाने, डोळे नुसत्या पाण्याने. मग डॉक्टरकडे. रेबीजची लस हा विषय चावणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत आहेच.

## टप्पा २ : नमुन्याआधीची तयारी

नमुना दिसल्यावर डबी शोधायला जाऊ नका. आदल्या संध्याकाळी हे सामान एका टोपलीत भरून ठेवा :

- घट्ट झाकणाच्या रुंद तोंडाच्या डब्या, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, हातमोजे
- न पुसणारा मार्कर (नाव डबीवर लिहायचे, झाकणावर नाही, झाकणे बदलली जातात)
- थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या
- मीठपाणी : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साडेआठ ग्रॅम मीठ
- १० टक्के फॉर्मालिन : बाजारातल्या फॉर्मालिनचा एक भाग, पाण्याचे नऊ भाग
- ७० टक्के अल्कोहोल, विष्ठेत आख्खा जंत सापडला तर
- स्लाइडी, कव्हरस्लिप, आयोडीन, चहाची बारीक गाळणी

तरंगवण्यासाठी लागणारे संपृक्त मीठपाणी वेगळे. गरम पाण्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत ढवळत राहायचे. लिटरला साधारण ३६० ते ४०० ग्रॅम लागते आणि तळाशी थोडे मीठ न विरघळता राहिले की झाले. गार झाल्यावर हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व १.२० आहे का ते पाहा. हा हायड्रोमीटर फार महाग नसतो, पण तो नसल्यामुळे पातळ मीठपाणी वापरले जाते, अंडी तळाशी राहतात आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहिले जाते.

## टप्पा ३ : नमुना घेणे

सगळ्या चुकांत निम्म्याहून जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

ताजा हवा. सकाळी पिंजरा झाडायच्या आधी, जमल्यास तासाभरात पडलेला. बडोद्याच्या मे-जूनच्या उकाड्यात दुपारपर्यंत पडून राहिलेली विष्ठा तपासणीला फारशी उपयोगाची नसते. काही कृमींची अंडी एका दिवसात उबतात आणि तिथे अळ्या दिसू लागतात. अंडे पाहायचे तिथे अळी पाहिली की ओळख चुकते.

मातीला लागलेला नको. मातीत आपल्या आपण जगणारे बारीक कृमी असतात. ते विष्ठेत शिरतात आणि भिंगाखाली स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या कृमीच्या अळ्यांसारखे दिसतात. लेंडी किंवा गोळा वरून उचला, मधला भाग घ्या, जमिनीला टेकलेला थर सोडा. सिमेंटच्या फरशीवर पडलेला सर्वांत चांगला. मातीचा वाडा असेल तर रात्रीच्या खोलीत कागद किंवा स्वच्छ प्लास्टिक अंथरा.

कुणाचा ते माहीत हवे. पाच वानरांच्या पिंजऱ्यातून पाच ठिकाणची चिमूट एकाच डबीत घालायची, ही सर्रास पद्धत. त्यातून कळप बाधित आहे एवढेच कळते, आणि एकच आजारी असेल तर तेही कळत नाही. वेगळे ओळखायला सोपा उपाय आहे. केळ्याच्या छोट्या तुकड्यात बेकरीवाले वापरतात तो खाण्याचा रंग घालून एकाच वानराला हातात द्या. दुसऱ्या दिवशी रंगीत विष्ठा त्याची.

तीन वेळा घ्या. एक दिवस आड, तीन नमुने. परजीवी रोज सारखी अंडी टाकत नाहीत, आणि अमीबा-जिआर्डियासारखे सूक्ष्म जीव तर आज दिसतात, उद्या नाही.

किती? दोन चमचे पुरतात. पातळ असेल तर त्याहून थोडे जास्त. रक्त किंवा शेंबूड दिसला, तर तोच भाग आवर्जून घ्या. स्वच्छ दिसणारा भाग निवडून घेण्याची सवय इथे घातक ठरते.

आता डबी कुठे ठेवायची ते. घट्ट विष्ठा, कृमींची अंडी शोधायची : लगेच तपासणी होणार नसेल तर फ्रिजमध्ये ४ अंशांवर, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. दोन-चार दिवस लागणार असतील तर फॉर्मालिनमध्ये, विष्ठेच्या तिप्पट द्रव. अळ्या शोधायच्या असतील तर ना फ्रिज ना फॉर्मालिन. आणि विष्ठा पातळ, रक्त-शेंबडाची असेल तर फ्रिजचे नावही काढू नका. ती अर्ध्या तासात, कोमट असतानाच भिंगाखाली गेली पाहिजे.

हा शेवटचा नियम मी एका पिल्लाची किंमत मोजून शिकले. संध्याकाळी उशिरा वानराच्या पिल्लाचा रक्ताळ नमुना माझ्याकडे आला. मी डबी फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी मीठपाण्यावर तरंगवून पाहिली आणि ‘अंडी आढळली नाहीत’ असे लिहिले. लिहिलेले खरेच होते. दोन दिवसांनी पिल्लू मेले. त्याच पिंजऱ्यातल्या दुसऱ्या पिल्लाची शी मी पिंजऱ्यापाशीच बसून स्लाइडवर घेतली. काचेसारखे पारदर्शक बोट पुढे काढत, थांबत, पुन्हा बोट काढत एक अमीबा सरकत होता, आणि त्याच्या पोटात तीन तांबड्या रक्तपेशी होत्या. थंडीत हे जीव गोळा होऊन मरतात, आणि संपृक्त मीठपाण्यात आकसून ओळखू येईनासे होतात. पहिल्या पिल्लाच्या नमुन्यातले असेच जीव त्या रात्री माझ्या फ्रिजमध्ये मरत होते. दुसरे पिल्लू वाचले, कारण औषध योग्य परजीवीसाठी दिले गेले.

तपासा : डबीवर जात, ओळखखूण, तारीख, वेळ आणि ‘पडल्यापासून किती वेळाने उचलली’ हे पाचही लिहिले आहे का? पाचवी नोंद नसेल तर माझ्यासारख्या माणसाला रिपोर्ट लिहिताना अंदाज करावा लागतो.

## टप्पा ४ : भिंगाखाली, याच क्रमाने

१. आधी डोळ्यांनी. रंग, वास, रक्त, हलणारा तुकडा. तांदळाच्या दाण्यासारखे चपटे तुकडे म्हणजे पट्टकृमी. आख्खा जंत सापडला तर मीठपाण्यात धुऊन ठेवा.

२. मग थेट स्मिअर. स्लाइडच्या एका टोकाला साध्या मीठपाण्याचा थेंब, दुसऱ्या टोकाला आयोडीनचा. काडीपेटीच्या काडीच्या गुलाइतकी विष्ठा प्रत्येकात कालवा. थर किती पातळ हवा, तर स्लाइड वर्तमानपत्रावर ठेवली असता खालची अक्षरे वाचता आली पाहिजेत. आधी मीठपाण्याची बाजू पाहा, कारण आयोडीनने सगळे मरते आणि हालचाल दिसत नाही. १०च्या भिंगाने सगळी कव्हरस्लिप, नंतर ४०च्या भिंगाने संशयित जागा.

३. नंतर तरंगवणे. दोन-तीन ग्रॅम विष्ठा संपृक्त मीठपाण्यात कालवून गाळा, ट्यूब काठोकाठ भरा, वर कव्हरस्लिप ठेवा, १५ ते २० मिनिटे थांबा. दहाव्या मिनिटाला उचलण्याची घाई नको, आणि तासभर विसरून जाऊही नका. मीठ अंड्यांना सुरकुतवते आणि स्लाइडवर स्फटिक धरतात. दोन्ही टोकांना बूच लावलेल्या पिंपासारखे दिसते ते ट्रायक्युरिसचे, म्हणजे चाबूककृमीचे अंडे. पातळ भिंतीचे, आत पेशींचा घोस असलेले लांबट अंडे हुककृमी किंवा त्याच्या भाऊबंदांचे. आत अळी वळवळताना दिसली तर स्ट्राँगिलॉइडिसचा संशय धरा.

४. तळाशी बसवणे. पर्णकृमींची आणि काटेरी डोक्याच्या कृमींची अंडी जड असतात, मिठावर तरंगत नाहीत. साध्या पाण्यात कालवून गाळायचे, बसू द्यायचे, वरचे पाणी हळूच ओतायचे, पुन्हा पाणी घालायचे, असे पाणी स्वच्छ होईपर्यंत. मग तळाचा थेंब पाहायचा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

५. अळ्यांसाठी बेअरमान पद्धत. फनेलला रबराची नळी, नळीला चिमटा, फनेलमध्ये कोमट पाणी आणि वर मलमलीच्या पुरचुंडीत ताजी विष्ठा. अळ्या पाण्यात उतरतात, तळाशी जातात. १२ ते २४ तासांनी चिमटा सैल करून पहिले काही थेंब घ्या.

६. अंडी मोजणे. मॅकमास्टरच्या स्लाइडने : ४ ग्रॅम विष्ठा, ५६ मिली संपृक्त मीठपाणी, दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजून ५० ने गुणायचे. म्हणजे एका ग्रॅमला किती ते कळते. हरणांच्या वाड्यात हा आकडा फार उपयोगी. औषध लागू पडले की नाही, ते पुढे यावरूनच ठरते.

७. रक्त. ताप, उतरलेले खाणे, फिकट हिरड्या आणि विष्ठा मात्र स्वच्छ, असे असेल तर रक्ताची स्लाइड घ्या. एक थेंब ओला पाहण्यासाठी, दोन स्मिअर रंगवण्यासाठी. ताप चढलेला असतानाच घ्या. सर्रा नावाच्या रोगाचा सूक्ष्म परजीवी, ट्रिपॅनोसोमा, रक्तात येतो-जातो, उतारावर घेतलेल्या स्लाइडमध्ये तो सापडेलच असे नाही.

थांबा : ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘या पद्धतीने, या नमुन्यात दिसले नाही’. कृमी पोटात गेल्यापासून अंडी टाकेपर्यंत काही आठवडे जातात. म्हणून क्वारंटाइनच्या चौथ्या आठवड्यात नमुन्यांची दुसरी फेरी घ्यायचीच.

## टप्पा ५ : कशाला किती घाई

आजच, याच तासाला. वानराच्या रक्ताळ शीमध्ये रक्तपेशी गिळलेला अमीबा. पाला पचवण्यासाठी वानराच्या जठराचे कप्पे असतात आणि तिथे आम्लता कमी असते. त्यामुळे माणसाच्या आतड्यात राहणारा हा अमीबा वानराच्या जठरालाच व्रण पाडतो आणि पुढे यकृतात जातो. तो येतो बहुधा माणसाकडून, म्हणजे दूध पाजणाऱ्या हातावरून.

तसेच सापांचे. कासवाच्या पोटात एक वेगळा अमीबा त्याला काही न करता राहतो, पण सापाला तो मारतो. एकाच खोलीत साप, कासवे ठेवायची आणि पाण्याचे भांडे, चिमटा अदलाबदल करायचा, हे आजच थांबवा.

बिबट्या-वाघांत सर्रा. घोडमाश्या चावून तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. २०००च्या जुलैमध्ये ओडिशातल्या नंदनकाननमध्ये याच रोगाने थोड्या दिवसांत दहाहून जास्त वाघ गेले. पावसाळ्यात मोठ्या मांजरकुळातला प्राणी सुस्त पडला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

घार, घुबड, ससाणा यांच्या तोंडात पिवळट, चिजासारखा थर दिसला तर ट्रायकोमोनास हा सूक्ष्म परजीवी. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मांज्याने कापलेले पक्षी शेकड्याने येतात, घारी आणि कबुतरे एकाच खोलीत खोक्यांमध्ये राहतात, आणि कुणीतरी मेलेले कबूतर घारीला घालतो. हा परजीवी कबुतरांकडूनच येतो. घशातला बोळा कोमट मीठपाण्यात बुडवून लगेच पाहा, गार झाला की जीव थांबतात.

एक-दोन दिवसांत. माकडे, गिबन यांच्या पिल्लांत स्ट्राँगिलॉइडिस. हा कृमी शरीराबाहेर न जाता पुन्हा पुन्हा त्याच प्राण्याला बाधतो, म्हणून थोड्या अळ्यांवरून समाधान मानू नका. काळवीट-चितळांत हिमाँकस हा जठरातला गोलकृमी. तो रक्त पितो. जुलाब नसतानाही पापणीच्या आतला भाग पांढरा पडतो, जबड्याखाली पाणी भरते. मोरांत हिस्टोमोनास हा सूक्ष्म परजीवी, विशेषतः कोंबड्यांशेजारी ठेवलेल्या मोरांत.

विष्ठेत कधीच न दिसणारे. मांजरांमुळे येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी लेमूर, स्क्विरल मंकी, कांगारू यांना दोन-तीन दिवसांत मारतो आणि त्यांची विष्ठा स्वच्छ येते. कुत्र्यांमुळे येणारे हायडॅटिडचे, म्हणजे पट्टकृमीच्या पिल्लांचे, पाणीभरले फोड माकडांच्या आणि हरणांच्या फुप्फुस-यकृतात वर्षानुवर्षे वाढतात. या दोघांवर उपाय एकच, कुत्री-मांजरे आवारात शिरू न देणे.

## टप्पा ६ : वजन, मग औषध

अंदाजाने वजन धरू नका. पिल्लाला टोपलीत घालून काट्यावर ठेवा, मोठ्यासाठी पिंजऱ्यासकट वजन घेऊन पिंजऱ्याचे वजा करा. ज्या वजनावर औषध दिले ते फळ्यावर लिहा.

कळपाला औषध घालताना होणारी चूक ठरलेली आहे. औषध चुरून केळ्यात, केळी टोपलीत, टोपली पिंजऱ्यात. हुप्या पुढे येतो, निम्मी केळी तोच खातो, आणि ज्या अशक्त मादीसाठी औषध आणले तिला साले मिळतात. एकाला दुप्पट, दुसऱ्याला शून्य. प्रत्येकाला वेगळे करून, हातातून, गिळताना पाहून द्या. वानरांना केळ्याचा छोटा तुकडाच पुरे, त्यांचे पोट गोडासाठी नाही.

थांबा, हे पाठ करा :

- कासवाला आयव्हरमेक्टिन कधीही नाही. त्याने कासवाला लकवा होतो आणि ते मरते. जप्तीत आलेल्या तारा कासवांना ‘सगळ्यांना देतो तेच’ म्हणून हे इंजेक्शन देऊ नये.
- कबुतरे, होले आणि करकोचे यांना फेनबेंडाझोल घातक ठरू शकते. पशुवैद्याला पक्ष्याची जात नेमकी सांगा.
- पिल्लाचे पोट गोलकृमींनी टम्म फुगलेले असेल, तर सगळे कृमी एकदम मेल्याने आतड्यात गोळा अडकू शकतो. अशा वेळी पशुवैद्य हळूहळू जातात. घाई करून दुसरा डोस देऊ नका.
- अमीबाला जंतांचे औषध चालत नाही, पट्टकृमीला गोलकृमीचे औषध पुरत नाही. टप्पा चारमधली ओळख इथे कामी येते.

दर तीन महिन्यांनी न तपासता सगळ्यांना एकच औषध, हे वेळापत्रक मला मान्य नाही. हरणांत तर त्याने औषधाला न जुमानणारे कृमी तयार होतात, आणि खरी गरज पडते तेव्हा हातात काही उरत नाही.

## टप्पा ७ : जमीन, पाणी आणि न बोलावलेले पाहुणे

औषधाच्या दिवसापासूनच्या दोन दिवसांत जी विष्ठा पडते ती सर्वांत धोक्याची. ती सकाळ-संध्याकाळ उचला. एरवीही २४ तासांच्या आत उचला. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या एक-दोन दिवसांत बाधा करण्याजोग्या होतात, टॉक्सोप्लाझ्माला एक ते पाच दिवस लागतात. रोज उचललेली विष्ठा म्हणजे अर्धे काम झाले.

आधी पाइप लावू नका. पाण्याच्या जोरदार धारेने अंडी उडून भिंतीवर आणि शेजारच्या पिंजऱ्यात जातात. कोरडे खरवडा, उचला, बंद पिशवीत भरा. मग साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, मग उकळते पाणी किंवा वाफ, मग ऊन. गोलकृमींच्या अंड्यांवर ब्लीचिंग पावडरचा परिणाम होत नाही. ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात, पण उष्णतेपुढे टिकत नाहीत. सिमेंट आणि लोखंडावर, पिंजरा रिकामा करून, फ्लेमगनही चालते. मातीच्या वाड्यात वरचा थर काढून नवी माती घाला, आणि जमल्यास वाडा आलटून पालटून मोकळा ठेवा.

थांबा : बिबट्या, रानमांजर यांच्या पिंजऱ्यात फिनेल नको. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या शरीराला ते झेपत नाही, पाय चाटूनही विषबाधा होते.

भाजीपाला खंडेराव मार्केटातून येवो की दारावरच्या गाडीवरून, वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून अंडी मरत नाहीत, ती धुऊनच जावी लागतात. पाण्याची कुंडी रोज रिकामी करून घासा. नुसती वरून भरत राहू नका.

झुरळांकडे फार कमी लोक लक्ष देतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या स्क्विरल मंकी आणि मार्मोसेटसारख्या लहान माकडांत प्रॉस्थेनॉर्किस नावाचा काटेरी डोक्याचा कृमी असतो. त्याची पिल्ले झुरळात वाढतात, माकड झुरळ पकडून खाते, कृमी आतड्याच्या भिंतीत डोके रुतवतो, आणि कधी भिंत फाटून पोटात पू होतो. फवारणी पिंजऱ्यात करता येत नाही. म्हणून भिंतीतल्या भेगा सिमेंटने बुजवा, रात्रीचे उरलेले खाणे उचला, पिंजऱ्याबाहेर चिकट सापळे ठेवा.

बडोद्याच्या विश्वामित्री नदीला पूर आला की, जसा २०२४च्या ऑगस्टअखेर आला होता, साऱ्या आवारांची घाण एकमेकांत मिसळते. पाणी ओसरल्यावर जुना ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट विसरा. चिखल काढा, आणि तीन-चार आठवड्यांनी सगळ्यांचे नमुने नव्याने घ्या.

शेवटी माणसे. वर्षातून दोनदा कीपर आणि पिल्ले हाताळणारे स्वयंसेवक यांची स्वतःची शौच-तपासणी करून घ्या. हे सुचवले की काहींना अपमान वाटतो. त्यांना बाजूला घेऊन, नीट समजावून सांगा. अमीबा पोटात असूनही माणसाला काही होत नसते, म्हणून त्याला तो कळत नाही, एवढेच.

## टप्पा ८ : पुन्हा नमुना

औषधानंतर १०व्या ते १४व्या दिवशी त्याच प्राण्याचा, त्याच पद्धतीने नमुना. आधी ग्रॅमला १२०० अंडी होती आणि आता ५० आहेत, तर औषध लागू पडले. १२००ची ९०० झाली, तर एक तर औषध पोटात गेले नाही, किंवा डोस कमी पडला, किंवा कृमी दाद देत नाहीत. याच क्रमाने शोधा. पहिल्याच झटक्यात औषध बदलू नका.

औषधाच्या दुसऱ्या दिवशी नमुना पाठवून ‘बघा, निगेटिव्ह’ म्हणण्यात अर्थ नाही. उरलेल्या कृमींनी अंडी टाकणे काही दिवस नुसते थांबवलेले असते.

## टप्पा ९ : प्राणी गेलाच तर

शवविच्छेदन पशुवैद्य करतील, आणि वाघ-बिबट्यासारख्यांच्या बाबतीत वनखात्याचे अधिकारी हजर असल्याशिवाय शवाला हात लावू नका. तुमचे काम आहे शव नीट ठेवण्याचे. उकाड्यात तीन-चार तासांतच आतडी विरघळू लागतात. शव फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका. गोठवल्याने पेशी फुटतात आणि तज्ज्ञाला भिंगाखाली काही वाचता येत नाही.

पशुवैद्यांना आठवण करून द्या : वानर असेल तर जठर उघडून पाहायचेच. आतडे पाण्याच्या ट्रेमध्ये लांबीने चिरायचे. यकृत, फुप्फुस, मेंदू, हृदय यांचे सेंटीमीटरपेक्षा पातळ तुकडे, त्यांच्या दहापट फॉर्मालिनमध्ये. हृदयातल्या रक्ताची स्लाइड. हायडॅटिडचा फोड दिसला तर तो न फोडता काढायचा, आणि त्यातले काहीही कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये.

सापडलेले जंत जिवंतपणीच अल्कोहोलमध्ये टाकले, तर ते आकसून गुंडाळतात. गोलकृमी गरम पाण्याच्या भांड्यावर कोमट केलेल्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये सोडा, ते सरळ होतात. भांड्याखाली आग चालू ठेवू नका, अल्कोहोल पेट घेते. पट्टकृमी आणि काटेरी डोक्याचे कृमी आधी थंड पाण्यात ठेवा, म्हणजे सैल पडतात आणि डोके बाहेर काढतात. ओळख त्या डोक्यावरूनच होते.

शव पुरताना खड्डा खोल, वर चुना, आणि भटकी कुत्री उकरणार नाहीत असे दगड. मग त्या पिंजऱ्यात उरलेल्या प्राण्यांच्या डब्यांवर त्याच दिवशी नावे लिहून टोपली भरून ठेवा. दुसऱ्या सकाळी, झाडू फिरायच्या आधी, नमुने घ्यायचे आहेत.